टाचण्या तोंडात धरून

तोंडात चार टाचण्या धरून टेलरबाईंनी पायमशीनचं चाक हाताने अर्धं फिरवलं आणि थांबल्या. सुई खाली गेली, वर आली. आवाज म्हणाल तर कुणी शेजारच्या खोलीत हळूच कडी लावावी तेवढा. त्यांनी मान वाकडी करून कापायच्या टेबलाखाली पाहिलं. कापडाच्या गठ्ठ्यांमागून एक काळं, ओलं नाक बाहेर आलेलं होतं. ते मागे सरकलं नाही.

त्यांनी चाक आणखी अर्धं फिरवलं. नाक जागच्या जागी.

टाचण्यांच्या फटीतून त्या काहीतरी पुटपुटल्या. त्यांच्या मते ते "ये रे राजा" होतं. सुई टोचू नये म्हणून उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातलेलं पितळी अंगुस्तान टेबलाच्या कडेला टक्कन लागलं. डाव्या हाताने त्यांनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा फरशीवर ठेवला. नाकामागून दोन डोळे आले, एक उभा आणि एक पडका असे दोन कान आले, अंड्याचा तुकडा गडप झाला आणि सगळा ऐवज पुन्हा गठ्ठ्यांमागे गेला.

टेलरबाईंनी शिंपीकामाचा चपटा खडू उचलला आणि नाक जिथवर पोचलं होतं तिथे फरशीवर रेघ ओढली. अशा तेरा रेघा झाल्या होत्या. दिवसाला एक.

"कालच्यापेक्षा अर्धा इंच मागे आहे," खिडकीजवळच्या खुर्चीतून नणंदबाई म्हणाल्या. त्यांची नजर मांडीवरच्या शब्दकोड्यावरून हलली नव्हती.

टेलरबाईंनी टाचण्या काढून उशीला टोचल्या. "वन्सं, इथवर आला हे काय कमी आहे?"

"मी कुठे कमी म्हटलं? मी अर्धा इंच म्हटलं."

नणंदबाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि त्या एकतीस वर्षांत कुणालाही शंभरपैकी शंभर दिले नव्हते. उत्तर बरोबर, रीत बरोबर, तरी अक्षरासाठी एक तरी मार्क कापायच्याच. निवृत्त झाल्यावर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तूंना मार्क द्यायला घेतलं. चहाला साठ. नव्या पडद्यांना पंचेचाळीस, तेही कापड चांगलं म्हणून. कुत्र्याला पहिल्या दिवशी शून्य मिळालं होतं.

त्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं. आल्या आल्या तो टेबलाखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर अस्तर आहे. असतं, पण दिसत नाही." झालं, तेच नाव पडलं.

टेलरबाई कुत्रा आणायला म्हणून गेल्याच नव्हत्या. दुकानातल्या चिंध्या साठल्या की त्यांच्या गाद्या शिवून त्या गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेऊन द्यायच्या. मागच्या खेपेला शेवटच्या पिंजऱ्यात हा भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला. गादी आत टाकली तर त्याने तिचा कोपरा हुंगला, मग सबंध गादी हुंगली आणि शिवणीवर हनुवटी टेकून झोपी गेला. तिथली माणसं म्हणाली, चार महिन्यांत पहिल्यांदा भिंतीकडे पाठ करून झोपलाय. टेलरबाईंना शिलाईची अशी दाद आजवर कुणी दिली नव्हती.

दोन घरांनी त्याला परत आणून सोडला होता. एका घरी तो पलंगाखालून निघेना. दुसऱ्या घरी दारावरची घंटा वाजली की तो उभ्या जागी फरशी ओली करायचा. आता हे तिसरं घर. निवाऱ्याचा नियम साधा होता: चाळीस दिवस ठेवून बघा, मग आमची बाई येऊन तपासेल. जमलं तर तो तुमचा. नाही जमलं तर परत, आणि तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा पुन्हा कुणाच्या घरी दिला जात नाही. तो त्या शेवटच्या पिंजऱ्यातच म्हातारा होतो.

त्यांनी तपासणीचा एक कागदही दिला होता. हाक मारली की आला पाहिजे. सांगितलं की बसला पाहिजे. सांगेपर्यंत थांबला पाहिजे. रस्त्यावर आवाज झाला तर पळता कामा नये. टेलरबाईंनी तो कागद नणंदबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. पाचवी अट मागच्या बाजूला होती. ती त्यांनी मनातल्या मनात वाचली आणि कागद घडी घालून डब्यात ठेवला.

शिकवायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना शिवता येत होतं, तेवढ्या बळावर त्यांनी सुरुवात केली. नवा कपडा कधी एकदम पक्का शिवत नाहीत. आधी कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून बघायचं, जिथे ओढ बसते तिथे मुकाट्याने उसवायचं आणि पुन्हा घालायचा. कापडावर रागावून कपडा बसत नाही. अस्तरचंही तसंच. मशीनच्या आवाजाची भीती, तर आधी अर्धं चाक. मग पूर्ण. मग पायाने दोन टाके. एखाद्या दिवशी तो आक्रसला की त्या मुकाट्याने एक पायरी मागे यायच्या. गिऱ्हाइकं कुरकुरली. बाईंचा एक ब्लाऊज एवढ्यात पंधरा दिवस घ्यायला लागलाय, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. टेलरबाई ऐकून घ्यायच्या.

बोलणं तसंही त्यांना फार लागत नसे. या खोलीत चौतीस वर्षं दोन माणसांनी समोरासमोर बसून शिवण केलं होतं, आणि दोघांच्याही तोंडात दिवसभर टाचण्या. नवरा टेबलाच्या त्या बाजूला कापायचा, या इकडे जोडायच्या. बोलायचं झालं तर अंगुस्तान टेबलावर वाजवायचं. एक ठोका म्हणजे कात्री दे. दोन ठोके म्हणजे खडू. अंगुस्तान कडेवरून घासत नेलं की थांब, इस्त्री तापलीय. कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, या नवराबायकोचं भांडण आहे की काय, दिवस दिवस एकमेकांशी बोलत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं स्टूल टेबलाच्या त्या बाजूला तसंच होतं. त्यावर आता बॉबिनचे डबे असत. कात्री लागली की टेलरबाई उठून, टेबलाला वळसा घालून घेऊन येत. एकच वस्तू सापडली नव्हती, त्यांचं अंगुस्तान. मोठ्या मापाचं, वरून उघडं, एका बाजूला झिजून आरशासारखं झालेलं. त्या दिवशी घरात माणसांची येजा होती, कुठे तरी पायदळी गेलं असेल. टेलरबाईंनी मशीनचा पट्टासुद्धा उघडून पाहिला होता. मग त्याविषयी बोलणं त्यांनी सोडून दिलं.

विसाव्या दिवशी हातातून मोठी कात्री निसटली आणि फरशीवर खणकन पडली. अस्तर टेबलाखाली गेला तो तीन दिवस आलाच नाही. फरशीवरच्या एकोणीस रेघा पायांनी पुसट होत चालल्या.

"शून्य," नणंदबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी टेलरबाईंनी तीच कात्री चार पदरी फडक्यात गुंडाळली आणि वीतभर उंचीवरून फरशीवर सोडली. धप्. अंड्याचा तुकडा. दुसऱ्या दिवशी फडक्याचे तीन पदर. मग दोन. मग एक. आठव्या दिवशी उघडी कात्री वीतभर उंचीवरून खणकन पडली आणि अस्तर चालत येऊन तिच्याकडे बघत राहिला, जणू विचारत होता, हिच्याबरोबरचं अंडं कुठे आहे?

त्या दिवशी नणंदबाईंनी शब्दकोडं खाली ठेवलं. "चाळीस," त्या म्हणाल्या. "शंभरपैकी. हुरळून जाऊ नकोस."

पण टेलरबाई हुरळल्याच. तिथून पुढे तर शिकवणीचे टाके भराभर पडू लागले. अस्तर मशीनच्या पायट्याशेजारी झोपू लागला. गिऱ्हाईक आलं की तो उभा राही, थरथरे, पण उभा राही. मग थरथर गेली. मग त्याने एका बाईच्या पिशवीत तोंड घातलं आणि टेलरबाईंनी त्याला दटावताना स्वतःचं हसू टाचण्यांमागे दाबलं. एका सकाळी त्या त्याला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. किराणावाल्याने नेमकं तेव्हाच शटर खडखडत वर ढकललं. अस्तर दचकला, त्यांच्या पायाला चिकटला, त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी बोटातलं अंगुस्तान पिशवीच्या लाकडी मुठीवरून सरकन ओढलं. तो थांबला. शटर पूर्ण वर गेलं, किराणावाला जांभई देत बाहेर आला, आणि टेलरबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या कुत्र्याला अंडं भरवू लागल्या. किराणावाल्याला वाटलं, बाईंचं काही तरी बिनसलं.

पाचवी अट मात्र डब्यात होती. नणंदबाईंनी या सगळ्या दिवसांत कुत्र्याला एकदाही हात लावलेला टेलरबाईंनी पाहिला नव्हता. उलट तो खुर्चीजवळून गेला की त्या पाय वर घेत. कितीदा तरी टेलरबाईंच्या ओठांवर आलं, वन्सं, जरा त्याला हाक मारून बघता का. आणि प्रत्येक वेळी त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या. ज्या बाईने सख्ख्या भावाच्या शिलाईला कधी ऐंशीच्या वर मार्क दिले नाहीत, तिच्याकडे कुत्र्यासाठी शब्द टाकायचा कसा?

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान घासूनपुसून लख्ख केलं. फरशीवरच्या खडूच्या रेघा पुसल्या. टाचण्या उशीत, उशी खणात. अंगुस्तान काढून खणात. ठेवणीतले कपडे घातले, केस चापून बसवले. नणंदबाई खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

अस्तरने फरशी ओली केली नाही.

निवाऱ्याच्या तपासनीसबाई कोरड्या पण सभ्य होत्या. खोलीच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "हाक मारा त्याला."

टेलरबाईंनी घसा साफ केला. स्पष्ट, सुंदर आवाजात म्हणाल्या, "ये."

अस्तरने त्यांच्याकडे पाहिलं, जसं आपण एखाद्या अनोळखी पाहुण्याकडे बघतो.

"अस्तर, ये इकडे. ये रे राजा."

तो एक पाऊल मागे सरकला. मग दुसरं. मग कापडाच्या गठ्ठ्यांमागे शेपटीचं टोक तेवढं दिसेनासं व्हायचं राहिलं. टेलरबाईंनी बस म्हणून पाहिलं, थांब म्हणून पाहिलं. आपलाच आवाज त्यांना परका वाटू लागला. तपासनीसबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. फार लिहिलं नाही, आणि तेच वाईट होतं.

"असं होतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही मनापासून केलंत हे दिसतंय." आणि पेनाला टोपण लावलं.

"वहिनी."

नणंदबाईंनी हाक मारली ती शाळेतल्या आवाजात. टेलरबाईंनी वळून पाहिलं.

"अंगुस्तान घाल बोटात. आणि त्या टाचण्या धर तोंडात."

"वन्सं, आत्ता मी काय शिवायला..."

"घाल म्हणते ना. चाळीस दिवस बघतेय मी. त्याने तुझा एक शब्द ऐकलेला नाही. टाचण्यांतून शब्द निघतो होय कुठे? तू वाजवतेस ते ऐकतो तो."

टेलरबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधल्या बोटावर पितळेचा फिकट हिरवा वळ होता. त्यांनी खण उघडला, अंगुस्तान बोटात सरकवलं, चार टाचण्या ओठांत धरल्या, आणि टेबलाच्या कडेवर हात टेकला. आपण नेमकं काय करत होतो हे त्यांना आठवत नव्हतं. बोटाला आठवत होतं.

टक.

अस्तर गठ्ठ्यांमागून उठून सरळ चालत आला आणि त्यांच्या पायाशी उभा राहिला.

टक, टक. तो बसला. अंगुस्तान कडेवरून सरकन घासलं. तो बसून राहिला. तपासनीसबाई त्याच्याभोवती फिरल्या, त्याच्यावरून हात फिरवला, कात्री टेबलावरून खाली पाडली, दार उघडून आपटलं. तो बसूनच. फक्त कात्री पडली तेव्हा त्याने अंड्याच्या आशेने ओठ चाटले. मग सगळे रस्त्यावर गेले. किराणावाल्याला शटर ओढायला सांगितलं, तर त्याने उत्साहाने तीनदा खालीवर केलं. अस्तर ताठ मानेने त्या खडखडाटासमोरून गेला. उभा कान उभा, आणि पडका कानही, टेलरबाईंनी शपथेवर सांगितलं असतं, थोडासा उभा.

परत आल्यावर तपासनीसबाईंनी कागद उलटला. "आता शेवटचं. घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही तो गेला पाहिजे. तुम्ही आजारी पडलात, गावाला गेलात, तर?" त्यांनी खोलीभर पाहिलं. "इथे अजून कोण असतं?"

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आमच्या वन्सं असतात. पण त्यांना मी हे... म्हणजे मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

"कागद डब्यात असतो," नणंदबाई म्हणाल्या, "आणि त्याच डब्यात साखर असते. मी चहा कशाचा करते मग?"

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चष्मा तर त्यांच्या नाकावर होता. डबीतून त्यांनी काहीतरी काढलं आणि आपल्या बारीक बोटात घातलं. ते फारच सैल होतं, म्हणून त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं. मोठ्या मापाचं, वरून उघडं. एका बाजूला आरशासारखं झिजलेलं.

त्यांनी खुर्चीच्या लाकडी हातावर एक ठोका दिला. टेलरबाईंच्यापेक्षा जड, जरासा ओढलेला. या खोलीत तीन वर्षं न ऐकलेला.

अस्तरने कान टवकारले. मग तो खोली ओलांडून गेला, जराही न बिचकता, रोजच्या वाटेने जावं तसा, आणि नणंदबाईंच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले. त्याला जागा द्यायला त्यांनी पाय सरकवले, तशी पायाखालची वर्तमानपत्रांची चळत हलली. खाली फरशीवर खडूच्या रेघा होत्या. अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या, आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक, नेटक्या अक्षरात आकडे. दहा. सतरा. बावीस. शेवटची रेघ खुर्चीला अगदी टेकलेली होती.

टेलरबाई रोज दुपारी तयार कपडे पोचवायला जात. तासभर तरी लागे.

तपासनीसबाईंनी लिहिलं, सही केली, कागद टेबलावर ठेवला. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की त्या चिंध्यांच्या गाद्या यापुढेही मिळतील का, आणि टेलरबाईंनी मान डोलावली.

दार लागलं. अस्तर मधल्या मोकळ्या फरशीवर, आजवर जिथे तो कधी झोपला नव्हता तिथे, चारी पाय पसरून झोपला.

"किती दिले?" शेवटी टेलरबाईंनी विचारलं.

"नव्याण्णव."

"एक कशाचा कापला?"

"माझ्या पायाला लाळ लावली."

दुपार कलली तशी टेलरबाईंनी ठेवणीतले कपडे बदलले आणि अर्धा राहिलेला ब्लाऊज काढून बसल्या. पंधरा दिवसांचं काम तुंबलं होतं. नणंदबाई खुर्चीतून उठल्या, टेबलाजवळ आल्या आणि ते मोठं अंगुस्तान त्यांच्यासमोर ठेवलं. "घे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी इथेच पडलं होतं. माझ्या हाताला लागलं. मग द्यायचं राहून गेलं."

टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी अंगुस्तानाकडे पाहिलं, त्यावर बोट ठेवलं, क्षणभर तसंच राहू दिलं. मग ते टेबलावरून सरकवत पलीकडच्या बाजूला नेलं, रिकाम्या स्टुलासमोर, आणि पुन्हा शिवणीत डोकं घातलं.

नणंदबाई काही वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्टुलावरचे बॉबिनचे डबे उचलले, जागा शोधली, खिडकीत ठेवले आणि बसल्या. शब्दकोडं तिथेच उघडलं.

मशीन चालू लागलं. अस्तरने डोळा उघडून मिटला. एक शिवण संपली, दुसरी संपली. दोरा तोडायचा होता, नजर कापडावर होती, आणि टेलरबाईंच्या बोटाने नेहमीच्या सवयीने टेबलाच्या कडेला एक ठोका दिला.

अस्तर उठला आणि येऊन पायाशी उभा राहिला.

आणि टेबलाच्या त्या बाजूने कात्री त्यांच्या हातात आली, मुठीकडून.